कांजी घातलेली फुटबॉल टीम

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे मला शहाणीसुरती समजून तू भलतंच काही लिहायला नकोस. मी एका अख्ख्या अमेरिकन फुटबॉल टीमला कांजी घातली होती. हो, तांदळाची कांजी, आपण सुती साडीला घालतो ती. टीमला म्हणजे त्यांच्या कपड्यांना गं, पण ते कपडे अंगात चढल्यावर टीमलाच घातल्यासारखं झालं. पांढऱ्या पँटी, निळ्या जर्स्या, सगळं. मोजेसुद्धा! मोज्यांना कुणी कांजी घालतं का? मी घातली. आणि पँटींना पुढून अशी धार काढली, की तिच्यावर कांदा चिरावा. आणि वर अशी खूश, की घरी येताना गाणं गुणगुणत आले. हस, हस तू. शर्मिला, आम्हा म्हाताऱ्यांच्या आठवणी उतरवून घ्यायला आलीस ना, मग हसून झालं की लिही.

तर मी मूळची खडकीची, पुण्याच्या खडकीची. दादा, म्हणजे माझे वडील, मिलिटरीच्या लाँड्रीत होते, आणि आमचं घर पण त्या लाँड्रीच्या मागेच, त्यामुळे मी जन्मले तीच वाफेत म्हण ना. परेडच्या आदल्या दिवशी दादा स्वतः कांजी करायचे, दुसऱ्याच्या हातची चालायची नाही त्यांना, तांदूळ भिजवून वाटायचे, शिजवायचे, मलमलीतून गाळायचे, चिमूटभर मीठ आणि पांढऱ्या कपड्याला थेंबभर नीळ. दादा म्हणायचे, फौजीची पँट हँगरवरून काढून जमिनीवर ठेवली तर ती उभी राहिली पाहिजे, पडली तर पुन्हा भट्टीत. आणि राहायची गं! मी लहान असताना त्या उभ्या पँटींच्या मधून पळत खेळलेय. म्हणजे माझ्या डोक्यात एकच बसलेलं, फौजी म्हटलं की कांजी.

लग्न झालं ते डॉक्टरशी. डॉक्टर पण काही मोठ्या घरचे नव्हेत, सासरे रेल्वेत गँगमन, आणि सासूबाई चार घरची धुणी धुवायच्या, त्यावर हे शिकले. शिकून एकदम इंग्लंड. मला वाटलं इंग्लंड म्हणजे लंडन. बॅगेत मी उंच टाचांचे सँडल आणि एक हिरवा गॉगल घेऊन आले होते, लंडनला लागेल म्हणून. आणि आम्ही उतरलो कुठे, तर पूर्वेकडे, पोळपाटासारख्या सपाट मुलखात, जिकडे बघावं तिकडे साखरेच्या बीटची शेतं, गावात एक चर्च, एक पब, आणि बस दिवसातून दोनदा. हिरवा गॉगल लावायला दोन वर्षांत ऊनच पडलं नाही नीट.

घर हॉस्पिटलपासून लांब होतं, भाड्याचं. आणि त्या घराच्या दाराचं काय सांगू तुला. ते लॅचचं दार होतं. आतून उघडायचं, पण बाहेर पडलं आणि वाऱ्याने लागलं की लागलं, मग किल्लीशिवाय आत येता येत नाही. आणि किल्ली एकच, ती ह्यांच्या खिशात. म्हणजे बघ हं, मला कुणी कोंडलं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर हे म्हणाले असते, छे, दार तर आतून उघडतं! उघडायचंच. मी कधीही बाहेर जाऊ शकत होते, फक्त परत येऊ शकत नव्हते.

मी म्हटलं, अहो, एक किल्ली मला करून द्या की. तर म्हणाले, कशाला, तुला कुठे जायचंय? आणि मी भांडी घासायला घेतली. तेव्हा ते दिवस पण वाईट होते, ह्यांच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरच्या खिडकीवर दगड मारला होता कुणीतरी, रस्त्यात पोरं ओरडायची, तर ह्यांना भीती वाटायची हे खरंच. भीती खरी, पण भिंत माझ्याभोवती. दोन वर्षं मी त्या खिडकीत काढली. वरून अमेरिकन विमानं जायची, तिकडे पलीकडे त्यांचा एअरबेस होता, ती गेली की कपाटातल्या बश्या वाजायच्या, आणि मी बश्यांना म्हणायचे, हो गं बायांनो, ऐकलं. इतकी वेडी झाले होते. आता कोणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अगं बावळट, दारात एक वीट ठेव आणि जा की फिरायला! पण तेव्हाची ती शकू, म्हणजे मीच, वीस वर्षांची, तिला वीट सुचली नाही. तिला फक्त कपाटातल्या बश्या सुचल्या.

मग एक दिवस मागच्या अंगणातून कपडे आणायला म्हणून पुढून गेले, कारण मागचं दार पावसाने फुगून घट्ट बसलेलं असायचं, आणि पुढचं दार लागलं. खाट्! मी बाहेर, सपाता घातलेली, हातात ह्यांचे ओले बनियन, आणि पाऊस. शेजारच्या बाईने खिडकीतून बघितलं आणि मला ओढतच आत नेलं. ती मॉरीन. गोरी, जाडजूड, तोंडात सिगारेट, आणि मला लव्ह लव्ह म्हणायची. मला वाटलं, अगं बाई, ही पहिल्या भेटीतच प्रेमात पडली का काय! तिने चहा दिला, माझ्या हातातून ते बनियन घेतले, आणि पीळ बघून म्हणाली, हे तू हाताने पिळलेस? म्हटलं, हो. म्हणाली, मी बेसच्या लाँड्रीत कामाला आहे, आम्हाला माणसं पाहिजेत, माझ्या गाडीतून ये.

लाँड्री! शर्मिला, मला त्या शब्दाने रडूच आलं. माहेर भेटल्यासारखं झालं. पण ह्यांना सांगायचं कसं? ज्या माणसाची आई दुसऱ्यांची धुणी धुवून हाताला चिरा पडलेली, त्याला डॉक्टर झाल्यावर बायकोने सांगायचं, मी सैनिकांचे कपडे धुवायला जाते? मी जेवायला वाढताना म्हटलं, अहो, बेसवर मला काम मिळतंय. कसलं काम? आणि माझ्या तोंडून लाँ... इतकंच निघालं, आणि त्यांचा चेहरा बघितला, आणि मी म्हटलं, लायब्ररीत. देवाशप्पथ, ठरवून नाही म्हटलं. जीभच वळली. लायब्ररी म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला! म्हणाले, पुस्तकं लावायचं काम का? म्हटलं, हो, धुऊन पुसून लावायचं. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी दुसरी किल्ली करून आणली. लायब्रेरियनला किल्ली मिळते, बघ.

ती किल्ली मी गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी बांधली होती. लाँड्री सुटली की लायब्ररी सुटणार, आणि लायब्ररी सुटली की किल्ली सुटणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी त्या लाँड्रीत दोघींचं काम एकटी करायचे. मोठे मोठे प्रेस, वाफ, तो ओल्या कापडाचा वास, आणि मी सुखात. घरी आले की हे विचारायचे, आज काय वाचलंस? मी म्हणायचे, आज फार जाड पुस्तकं होती.

तर त्या बेसवर एका स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, फुटबॉल टीम होती. अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. आपल्याला फुटबॉल म्हणजे पायाने, आणि हे लोक हातात धरून पळायचे. तो खेळ इंग्लंडात तेव्हा नवीनच, टीव्हीवर दाखवायला लागले होते, आणि गावातल्या गोऱ्या पोरांनी पण हौसेने एक टीम काढली होती, कुणाचं हेल्मेट उसनं, कुणाचे खांद्यावरचे पॅड घरी शिवलेले. आणि त्यांनी स्क्वाड्रनला मॅचला बोलावलं, गावच्या रग्बीच्या मैदानावर. बेसवर नुसती धामधूम. टीमचा सार्जंट होता, विलिस म्हणून, काळासावळा, दाराएवढा, आवाज मात्र मऊ. तो कपड्यांचं भलंमोठं गाठोडं घेऊन लाँड्रीत आला, मॉरीन तेव्हा सिगारेट ओढायला बाहेर गेलेली, आणि मला म्हणाला, मॅडम, रविवारी साहेब लोक येणार, गावचे लोक येणार, माझी पोरं मला शार्प दिसायला पाहिजेत. शार्प!

आता तू इथे शिकलेली, तुला कळतं की शार्प म्हणजे नीटनेटकं, टापटीप. पण मी खडकीची. मला शार्प म्हणजे धार. समोर फौजी उभा, साहेब येणार, आणि तो म्हणतो धार पाहिजे. मी मनात म्हटलं, बाबा रे, तू योग्य माणसाकडे आलास.

लाँड्रीत स्टार्च होता, पण तो पाण्यासारखा, दादांनी नाक मुरडलं असतं. मी दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर घरी सगळ्यात मोठ्या पातेल्यात कांजी शिजवली, माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळली, आणि डब्यात भरून मॉरीनच्या गाडीतून नेली. मॉरीन म्हणाली, हे काय, सूप? म्हटलं, हो. बघ, खोटं बोलायची सवयच लागली होती. ते कापड कसलं तर ताणणारं, नायलॉनसारखं, ते कांजी घेईनाच, तर मी दोनदा घातली. आणि प्रेस. शेवटी एक पँट मी टेबलावर ठेवली. शर्मिला, ती उभी राहिली! मला दादांची इतकी आठवण आली.

रविवारी ह्यांनी सांगितलं, वॉर्डात ड्युटी आहे, संध्याकाळ होईल. मी म्हटलं, मी मॉरीनबरोबर चर्चची जत्रा बघून येते. आणि ओव्हरॉल घालूनच गेलो आम्ही मैदानावर, कारण लाँड्रीच्या बायकांना टॉवेल सांभाळायचं काम दिलं होतं.

टीम मैदानात आली. आली म्हणजे काय, सरकत आली. गुडघाच वाकेना कुणाचा! वर खांद्यावर ते पॅड, पाटा-वरवंटा बांधल्यासारखे, आणि खाली माझी कांजी. पेटीतून बाहेर काढलेल्या कात्र्यांसारखे चालत होते, टक टक टक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ही परेडच आहे. मग खेळ सुरू होताना वाकायचं असतं, हात जमिनीला टेकवून. गावची पोरं वाकली. अमेरिकन उभेच. गावच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं, त्यांना वाटलं हीच खरी अमेरिकन पद्धत असणार, आणि ती पण उठून उभी राहिली! सगळे उभे, बॉल मध्ये. मग विलिस बाहेरून ओरडला, वाका, वाका! आणि ते वाकले. आवाज आला गं. एका वेळी अकरा पापड मोडावेत तसा आवाज. दोघांच्या पँटी मागून उसवल्या. मी टॉवेलात तोंड खुपसलं. हसू नव्हे, ते भीतीने.

तेवढ्यात पाऊस आला, आणि कांजी भिजली की काय होतं तुला माहीत आहे, खळ होते. गवत, माती, सगळं त्यांना चिकटायला लागलं, तिळात घोळवलेले लाडू पळताहेत असं दिसायला लागलं. आणि एक चौऱ्याहत्तर नंबरचा मोठ्ठा पोरगा लंगडत बाहेर आला, मांड्या धरून, आणि ओरडला, डॉक! आणि कडेच्या तंबूतून डॉक्टर उठले.

आमचे डॉक्टर. रेनकोट घातलेला, हातात बॅग. वॉर्ड नव्हताच. हॉस्पिटलने त्यांना मॅचला पाठवलं होतं, हे काम शिकाऊ डॉक्टरांना देतात, आणि पाच वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला दिलं होतं, म्हणून त्यांनी मला वॉर्ड सांगितलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त टॉवेलांच्या गाठोड्यामागे खाली बसले. त्यांनी त्या पोराला बाकावर बसवलं, पँट वर केली, मांड्या लाल, सोललेल्या. विलिस म्हणाला, डॉक, हे काय चिकट लागलंय सगळ्यांना, विष आहे का काय? आणि ह्यांनी पँटीची कड दोन बोटांत धरली, चोळली, आणि नाकाशी नेली.

त्या सगळ्या मैदानात तो वास ओळखणारा एकच माणूस होता. त्यांच्या आईच्या हाताला आयुष्यभर तो वास यायचा. मी बघत होते, त्यांची बोटं नाकाशी तशीच राहिली. मग त्यांनी मान वर केली आणि सावकाश फिरवली, पूर्ण मैदानभर, आणि टॉवेलांच्या ढिगापाशी थांबवली. माझ्या ओव्हरॉलवर छातीशी लाल धाग्याने लाँड्री असं भरतकाम केलेलं होतं.

विलिसने पुन्हा विचारलं, काय आहे ते? ह्यांनी माझ्यावरची नजर न काढता सांगितलं, तांदळाचा स्टार्च, निरुपद्रवी आहे. एवढंच.

मॉरीनने विलिसला सांगितलं, चूक माझी, मी हिला दाखवलं नव्हतं. विलिस आधी कपाळाला हात लावून बसला आणि मग हसत सुटला, म्हणाला, हिला फुटबॉलपासून लांब ठेवा, परेडचे युनिफॉर्म द्या. म्हणजे माझी नोकरी वाचली, पण मला काय त्याचं? मी गाडीत ह्यांच्या शेजारी बसले होते आणि वायपर तेवढे बोलत होते. घराशी आल्यावर त्यांनी दार उघडलं, आणि हात पुढे केला. मी गळ्यातली गाठ सोडली आणि किल्ली दिली. म्हटलं पण, तुम्ही पण वॉर्ड म्हणालात. तर म्हणाले, मी लायब्ररी म्हणून हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितलंय, शकू. माझी बायको लायब्ररीत आहे म्हणून सगळ्यांना सांगितलंय. आणि वर निघून गेले.

मग पुन्हा खिडकी. ह्या वेळी जास्त वाईट, कारण आता बाहेर काय आहे हे माहीत झालेलं. सकाळी मॉरीन हॉर्न वाजवायची, मी पडदा ओढायचे. ह्यांच्या खिशात दोन किल्ल्या एकमेकींवर वाजायच्या, जिन्यावरून उतरताना ऐकू यायचं मला. तिसऱ्या आठवड्यात मॉरीनने दारातल्या पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाली, काय चाललंय तुझं? म्हटलं, किल्ली नाही, मी आले तर परत आत येता यायचं नाही. ती म्हणाली, मग येऊ नकोस परत आत.

अगं, इतकं सोपं! मी ओव्हरॉल घातला, बाहेर आले, आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. खाट्. दिवसभर परेडच्या पँटींना कांजी घातली, आणि संध्याकाळी पाच वाजता मॉरीनने सोडल्यावर दारासमोरच्या पायरीवर बसले. मॉरीन म्हणाली, माझ्याकडे थांब. म्हटलं, नको. मला रस्त्यावरून दिसायचं होतं. डॉक्टरची बायको, छातीवर लाँड्री लिहिलेलं, पायरीवर बसलेली. हे आले, थबकले, इकडेतिकडे बघितलं, दार उघडलं, आम्ही दोघं आत गेलो, जेवलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी समोरची म्हातारी मला उशी आणून द्यायला लागली. पोस्टमन गुड ईव्हनिंग म्हणायला लागला. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस आलाच नाही तर? कुठे जाशील गं, खडकीला? पण तोंड असं ठेवायचे, जशी काही मी पुतळाच आहे गावाने बसवलेला.

आता तू म्हणशील, आजी, तेव्हा एवढं केलंत आणि आता? आता बघ ना. हे जाऊन सहा वर्षं झाली, मी वॉटफर्डला लेकाकडे, कंबरेचं हाड बदललेलं, आणि त्याने दाराला ती कॅमेऱ्याची बेल लावलीय. किल्ली आहे माझ्याकडे, हो, दोन आहेत. पण मी उंबऱ्यावर पाय ठेवला की तिकडे क्रॉयडनच्या ऑफिसात त्याचा फोन वाजतो, आणि ती बेल त्याच्या आवाजात बोलते, आई, कुठे चाललीस? कोट घातलास का? मी परवा बेलला जीभ दाखवली. त्याला पण भीतीच वाटते, बापासारखी, आणि भीती खरी आहे, मी दोनदा पडलेय. आता पायरीवर बसले तर उठता येणार नाही, म्हणून बसत नाही. चालायचंच. लेकरू सुखात असू दे.

तर पायरीवरच्या आठव्या दिवशीचं सांगायचं राहिलं. पाऊस नव्हता, पण पायरी ओली होती. ह्यांनी गाडी लावली, उतरले, आणि दाराकडे गेलेच नाहीत. कोटाची टोकं सावरली आणि माझ्या शेजारी बसले, ओल्या पायरीवर, सगळ्या गल्लीसमोर. समोरच्या म्हातारीचा पडदा हलला. मग खिशात हात घालून दुसरी किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता माझ्या ओव्हरॉलच्या खिशात टाकली. मला वाटलं आता माफी मागतील, नाहीतर मला मागायला लावतील. जे म्हणाले ते शब्द न शब्द सांगते, तसंच लिही, नीट करू नकोस: त्या पोराच्या मांड्या पार सोलून निघाल्या होत्या, शकू, कांजी जरा पातळ करत जा.